पुण्यात घराभोवती आणि टेकडीवर दिसणाऱ्या पाली, सरडे, सापसुरळ्या: ओळख कशी पटवावी?

बावधनकर यांचा प्रश्न

नमस्कार. बावधनला टेकडीच्या पायथ्याशी आमची सोसायटी आहे आणि तिच्या मागे खडकाळ, गवताळ माळ आहे. इथे लहान सरपटणारे प्राणी जवळजवळ बारा महिने दिसतात. पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने त्यांच्या नोंदींसाठी एक वही घातली आहे. परंतु पाल, सरडा आणि सापसुरळी या तीन नावांच्या पुढे ती वही सरकत नाही. मोबाइलवर काढलेली छायाचित्रे आंतरजालावर जुळवून पाहिली, तर एकाच प्राण्याला दर वेळी निराळे नाव मिळते, आणि त्यांतील काही नावे तर भारतात मुळीच न आढळणाऱ्या जातींची असतात.

आतापर्यंत पाहिलेले प्राणी सांगतो. घरात ट्यूबलाइटजवळ फिकट, जवळजवळ आरपार दिसेल अशी लहान पाल असते आणि ती रात्री मोठ्याने चुकचुकते. पार्किंगच्या भिंतीवर तिच्याहून बरीच मोठी, राखाडी-हिरवट, पोटाकडे पिवळसर झाक असलेली पाल असते. ती आधीच्याच पालीची वाढलेली अवस्था आहे की वेगळी जात आहे, हे समजत नाही. कुंड्यांमागच्या पालापाचोळ्यात तांबूस-तपकिरी, चकचकीत अंगाची सापसुरळी दिसते. एकदा कुंडी हलवताना तिच्याहून बारीक, अगदी आखूड पायांचा आणि लालसर शेपटीचा एक प्राणी दिसला, तो सापाचे पिल्लू आहे असेच सर्वांना वाटले. कुंपणाच्या जाळीवर पहिल्या पावसानंतर लाल डोक्याचा सरडा येऊन बसू लागला. त्याआधी त्याच जागी जो बसत असे तो साधा मातकट रंगाचा होता. आणि मागच्या माळावर दगडांमधून छोटे मातकट प्राणी इतक्या वेगाने पळतात, की त्यांच्याविषयी याहून जास्त काही सांगता येत नाही. त्यांतील एखादा मधूनच मागच्या दोन पायांवर उठून पळतो, असे मुलीचे म्हणणे आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. ओळख पटवण्यासाठी नेमके काय पाहावे आणि छायाचित्रात काय टिपावे, हा एक. आमचे माळीकाका सापसुरळीला विषारी समजतात आणि दिसली की तिला मारतात. त्यांना खात्रीने काय सांगता येईल, हा दुसरा.

टेकडीवाट यांचे उत्तर

नमस्कार बावधनकर. आपल्या मुलीच्या वहीत रंगाचा रकाना पहिला असेल तर तो शेवटी न्यावा, ही माझी पहिली सूचना. या प्राण्यांची ओळख पटवताना सर्वांत जास्त फसवतो तो रंग. भिंतीवरची तीच पाल दिवसा फटीत असताना गडद आणि नक्षीदार दिसते आणि रात्री दिव्याखाली आली की फिकट पडते. सरड्याचा रंग ऊन, भीती, नरानरांतली झुंज आणि विणीचा हंगाम यांनुसार बदलतो. शिवाय नर, मादी आणि पिल्लू यांचे रंग वेगळे. आंतरजालावर छायाचित्र जुळवताना आपली नजर रंगावर जाते आणि चुकीचे नाव हाती येते, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

रंगाऐवजी डोळा, खवले, पाय आणि जागा-वेळ पाहावी. डोळ्यापासून सुरुवात करा. घरातल्या पालींना हलणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असते आणि ते त्या जिभेने पुसतात. रात्री वावरणाऱ्या पालींची बाहुली उजेडात उभ्या चिरेसारखी आक्रसते. सरड्यांना आणि सापसुरळ्यांना पापण्या असतात आणि बाहुली गोल असते. पुणे जिल्ह्याच्या कोरड्या, खडकाळ भागांत हलणाऱ्या पापण्या असलेलीही एक पाल मिळते, युब्लेफॅरिस फस्कस नावाची, पण ती रात्री जमिनीवर फिरते, तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात आणि ती भिंतीवर चढलेली दिसायची नाही.

खवल्यांचा फरक मोबाइलच्या चांगल्या छायाचित्रात सहज कळतो. पालीची त्वचा मऊ आणि बारीक दाणेदार असते, काही जातींत त्या दाण्यांमध्ये मोठ्या गाठी असतात. सरड्याचे खवले खरखरीत, टोकदार आणि मधोमध उभा कंगोरा असलेले असतात. सापसुरळीचे खवले गुळगुळीत, कडा गोल असलेले आणि कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले असतात. चकाकी येते ती त्यांच्यामुळे. पायांबद्दल पुढे कोणीतरी सविस्तर लिहीलच. माळावरच्या प्राण्यांसाठी मागच्या पायाची बोटे मोजणे फार उपयोगी पडते, एवढे आत्ता सांगतो.

आपल्या कुंपणावरचा लाल डोक्याचा प्राणी म्हणजे आपला नेहमीचा सरडा, कॅलोटिस व्हर्सिकलर. त्याचे शास्त्रीय वर्णन १८०२ मध्ये दोदाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने केले. आधीचा मातकट आणि आताचा लाल हा एकच प्राणी असण्याची शक्यता दाट आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी विणीचा हंगाम सुरू झाला की नराचे डोके, गळा आणि खांदे लाल होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळे डाग येतात, आणि तो उंच, उघड्या जागी बसून पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो. कुंपणाची जाळी त्याला त्यासाठीच सोयीची वाटते: तिथून त्याला मादी दिसते, दुसरा नर दिसतो आणि तो स्वतःही त्यांना दिसतो. मादी मात्र याच काळात मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते आणि माती पुन्हा सारखी करून निघून जाते. आपल्या बागेत कुंड्यांची माती उकरलेली दिसली आणि आत पांढरी, लांबट, मऊ कवचाची अंडी आढळली, तर ती तशीच झाकून ठेवावीत.

खात्रीची खूण हवी असेल तर डोक्याचे बाजूने छायाचित्र घ्या. कानाच्या पडद्याच्या वर एकमेकांपासून सुटे असे दोन लहान काटे दिसतात, आणि अंगाच्या बाजूचे खवले मागे आणि वर रोखलेले असतात. मुळशी-ताम्हिणीच्या झाडीत गेलात तर तिथे याचा सडपातळ भाऊबंद भेटेल. त्याच्या खांद्यापुढे त्वचेची गडद रंगाची तिरकी घडी असते, जी आपल्या बागेतल्या सरड्याला नसते. तो बराच काळ कॅलोटिस गटातच धरला जात होता. २०१८ मध्ये त्याला मॉनिलेसॉरस या नव्या गटात हलवण्यात आले आणि आता त्याचे नाव मॉनिलेसॉरस रूक्सी असे आहे. नेहमीच्या सरड्याचेही असेच झाले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले, की दक्षिण आशियात सर्वत्र व्हर्सिकलर या एकाच नावाखाली गणले जाणारे सरडे प्रत्यक्षात अनेक जातींचे आहेत. म्हणून जुन्या पुस्तकातले नाव आणि नव्या यादीतले नाव वेगळे दिसले तर गोंधळून जाऊ नये. नोंदीत जागा आणि तारीख नीट लिहिलेली असेल तर नाव पुढे कधीही सुधारता येते.

सिंहगडरोडकर यांचे उत्तर

भिंतीवरच्या दोन पालींविषयी लिहितो, कारण आमच्या जुन्या वाड्यात आणि आता फ्लॅटमध्ये मी त्यांच्याकडे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

आपल्या दोन्ही पाली हेमिडॅक्टिलस याच गटातल्या आहेत, पण त्या एकाच जातीच्या लहान-मोठ्या अवस्था नसाव्यात. पार्किंगमधली मोठी, पिवळसर पोटाची पाल बहुधा हेमिडॅक्टिलस फ्लॅव्हिव्हिरिडिस असावी. तिचे अंग वरून बरेच गुळगुळीत असते, पाठीवर उठून दिसणाऱ्या गाठींच्या रांगा नसतात, आणि शेपटी सोडून तिची लांबी ९ सेंटिमीटरपर्यंत भरते. घरातली लहान, मोठ्याने चुकचुकणारी पाल हेमिडॅक्टिलस फ्रेनाटस असू शकेल. शेपटी सोडून ती साधारण ६ सेंटिमीटरची असते आणि तिच्या शेपटीवर ठराविक अंतराने बारीक काट्यांची कडी असतात. ही जात माणसाच्या सामानासोबत, बोटींतून आणि मालाच्या खोक्यांतून, जगाच्या उष्ण भागांत दूरवर पोहोचली आहे. आपल्याकडे शंकेची पाल चुकचुकते ती बहुतेक हिचीच, कारण आवाजाच्या बाबतीत घरातल्या पालींमध्ये हिची बरोबरी दुसरी करत नाही.

मात्र शेपटीच्या काट्यांवर विसंबताना एक काळजी घ्यावी. पालीची शेपटी तुटली की नवी येते, परंतु नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेची दांडी असते आणि वरच्या खवल्यांची मूळ रचना परत येत नाही. नवी शेपटी बरेचदा गुळगुळीत आणि एकसारख्या रंगाची असते, त्यामुळे काटे नाहीत म्हणून ती फ्रेनाटस नाही, असा निष्कर्ष निघत नाही. शेपटीच्या मुळाजवळ रंग किंवा जाडी एकदम बदललेली दिसली, तर ती पुन्हा आलेली शेपटी समजावी आणि ओळखीसाठी अंगाकडे पाहावे.

आपल्या भागात तिसरीही एक पाल घरात शिरते, तिच्याकडे लक्ष ठेवा. तिच्या पाठीवर कंगोरेदार गाठींच्या ठळक रांगा असतात, अंगावर गडद ठिपके असतात आणि ती भिंतीच्या खालच्या भागात, दगडांखाली किंवा विटांच्या ढिगात जास्त दिसते. पूर्वीच्या पुस्तकांत ही हेमिडॅक्टिलस ब्रुकी म्हणून आढळते. आता त्या एका नावाखाली अनेक जाती एकत्र झाल्या होत्या हे स्पष्ट झाले आहे, म्हणून वहीत ‘ब्रुकी समूहातील पाल’ असे लिहिणे अधिक योग्य ठरेल. झाडाच्या खोडावर राखाडी, सालीत मिसळून जाणारी, पाठीवर नागमोडी पट्टे असलेली पाल दिसली तर ती हेमिडॅक्टिलस लेशनॉल्टी असण्याचा संभव आहे. आणि किल्ल्यावर किंवा लेण्यांत संध्याकाळी हाताच्या पंज्यापेक्षाही लांब, पाठभर गाठी असलेली पाल पाहून मुलगी दचकली, तर ती हेमिडॅक्टिलस मॅक्युलाटस आहे असे समजायला हरकत नाही. सह्याद्रीच्या कातळांत आणि जुन्या बांधकामांत ती राहते.

बोटांच्या खालची बाजू टिपण्याची एक सोपी युक्ती आहे. पाल खिडकीच्या काचेवर बाहेरून बसलेली असताना आतून छायाचित्र घ्यावे. हेमिडॅक्टिलस गटात बोटांखालच्या पट्ट्या मधोमध दुभागलेल्या असतात आणि बोटाचे टोक गादीच्या पुढे सुटे राहून त्याला नखी असते, हे दोन्ही काचेतून स्वच्छ दिसते. त्या पट्ट्यांवर सूक्ष्म केसांची दाटी असते आणि केस व पृष्ठभाग यांच्या रेणूंमधल्या आकर्षणामुळे पाल चिकटून राहते. तिथे डिंकासारखा कोणताही द्रव नसतो. त्याच छायाचित्रात मागच्या मांड्यांखाली बारीक छिद्रांची रांग दिसली तर तीही मोजून लिहावी. या गटात ती छिद्रे नरांना असतात आणि जात ठरवताना तज्ज्ञ त्यांची संख्या विचारतात.

दुधात किंवा भाजीत पाल पडली तर अन्न विषारी होते, ही समजूत घराघरांत आहे, म्हणून तेही लिहितो. पालीच्या अंगात विष नसते. परंतु तिच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि त्यांनी पोट बिघडते, त्यामुळे असे अन्न टाकून देणेच योग्य.

निसर्गशिक्षिका यांचे उत्तर

माळीकाकांसाठी मी लिहिते, कारण शाळेतल्या मुलांच्या घरांतूनही हाच प्रश्न येतो.

सापसुरळीला विष नसते. भारतातील कोणतीही पाल, सरडा किंवा सापसुरळी माणसाला विषबाधा करत नाही. ती सापाची मावशी आहे, तिने चाटले तरी माणूस जगत नाही, अशा गोष्टी मीही लहानपणी ऐकल्या आहेत. त्यांना आधार नाही. सापसुरळी झुरळे, नाकतोडे, कोळी आणि अळ्या खाते, आणि कुंड्यांच्या आसपास ती टिकून आहे याचा अर्थ तिथे तिला पुरेसे खाद्य मिळते आहे. माळीकाकांना नुसते ‘मारू नका’ म्हणण्यापेक्षा तिच्या चेहऱ्याचे मोठे केलेले छायाचित्र दाखवावे. त्यात हलणारी पापणी दिसते आणि डोळ्यामागे कानाचे छिद्र दिसते. सापाला यांपैकी एकही नसते. मी अनेकांची भीती या दोन खुणांनी जाताना पाहिली आहे.

लालसर शेपटीचा, आखूड पायांचा जो प्राणी आपल्याला सापाचे पिल्लू वाटला, तो रायोपा गटातल्या सापसुरळीचे पिल्लू असावे असा माझा अंदाज आहे. रायोपा पंक्टाटा या जातीच्या पिल्लांची शेपटी तांबडी असते आणि वय वाढेल तशी ती फिकी पडते. अंगावर गडद ठिपक्यांच्या रांगा असतात. या जातींचे पाय इतके लहान असतात, की घाईत चालताना त्या पाय अंगालगत घेऊन सापाप्रमाणे सरपटत जातात आणि पाहणाऱ्याला पाय दिसतच नाहीत. अशा वेळी पोटाकडे पाहणे उपयोगी. बहुतेक सापांच्या पोटाखाली आडव्या, रुंद पट्ट्यांची एकच रांग असते, तर सापसुरळीच्या पोटावर पाठीसारखेच लहान खवले असतात. याला पुण्याच्या बागांतला एक नेहमीचा अपवाद आहे, तो म्हणजे वाळा. हा गांडुळाएवढा बिनविषारी साप कुंड्यांच्या मातीत सापडतो आणि त्याचे खवले सर्व बाजूंनी सारखेच लहान असतात. परंतु त्याला पाय नसतात, आणि डोळ्यांच्या जागी खवल्याखाली काळे ठिपके तेवढे असतात.

कुंड्यांमागची मोठी, तपकिरी सापसुरळी युट्रॉपिस कॅरिनाटा असू शकते. तिच्या दोन्ही बाजूंना फिकट पिवळसर पट्टा असतो आणि पाठीच्या प्रत्येक खवल्यावर बहुधा तीन बारीक कंगोरे असतात. तिच्याहून लहान युट्रॉपिस मॅक्युलारिया याच भागात आढळते. तिच्या खवल्यांवर कंगोरे जास्त, पाचापासून पुढे असतात, आणि विणीच्या काळात नराच्या गळ्याच्या व अंगाच्या बाजू नारिंगी-लाल होतात. ऊन खाण्यासाठी सापसुरळी सकाळी कुंडीच्या कडेवर स्थिर बसते, तेव्हा दूरून कॅमेऱ्याचा झूम वापरून पाठीचा फोटो घेतला तर कंगोरे मोजता येतात. तिला पकडून मोजण्याचा प्रयत्न मुलीला करू देऊ नये. शेपटी तुटली की तिने साठवलेली चरबीही तिच्यासोबत जाते, आणि नवी शेपटी उगवण्यात तिची पुष्कळ शक्ती खर्च होते.

बावधनकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. माळीकाकांना कानाचे छिद्र दाखवले. त्यांनी छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि यापुढे सापसुरळीला हात लावणार नाही असे सांगितले. पार्किंगमधल्या पालीच्या पाठीवर गाठी नाहीत, हेही आम्ही पाहून घेतले.

माळावरच्या प्राण्यांची दोन छायाचित्रे मुलीने मिळवली आहेत. पहिल्यात दगडावर बसलेला प्राणी आहे. त्याची पाठ मातकट, मधून मधून चौकटीसारखे गडद डाग, शेपटी लांब, आणि मागच्या पायाला मुलीने चार बोटे मोजली आहेत. दुसरा प्राणी गवताच्या बुंध्याशी आहे. तो त्याहून बारीक आहे, अंगाच्या बाजूंनी डोक्यापासून शेपटीकडे गेलेल्या फिकट रेषा आहेत, आणि आम्ही चांगला वेळ पाहत असताना त्याने एकदाही पापणी मिटली नाही. हे दोन्ही सरड्याची पिल्ले आहेत का?

खडकाळमाळ यांचे उत्तर

आपल्या मुलीने बोटे मोजली हे फार चांगले केले, कारण पहिल्या प्राण्याचा निर्णय तिथेच लागतो. नेहमीच्या सरड्याला, पिल्लाला आणि मोठ्याला, मागच्या पायाला पाच बोटे असतात. सिटाना आणि सरडा या दोन गटांतल्या प्राण्यांना मागच्या पायाला चारच बोटे असतात. दुसरे नाव वाचून चुकल्यासारखे वाटेल, म्हणून स्पष्ट करतो: २०१६ मध्ये या माळसरड्यांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी एक नवा गट वेगळा काढला आणि त्याला आपला मराठी शब्दच शास्त्रीय नाव म्हणून दिला. दोन्ही गटांतल्या नरांच्या गळ्याखाली त्वचेची घडी असते आणि विणीच्या काळात ती पंख्याप्रमाणे उघडते. ते जमिनीवर राहतात, उन्हात भरभर पळतात आणि वेग वाढला की मागच्या दोन पायांवर उठतात, त्यामुळे आपल्या मुलीचे निरीक्षण बरोबर आहे.

या दोन गटांपैकी कोणता, हे पहिल्या छायाचित्रावरून सांगता येणार नाही. फरक मुख्यतः प्रौढ नराच्या गळ्यात दिसतो. सरडा गटातल्या नरांचा गळ्याचा पंखा मोठा असतो आणि त्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे रंगांचे ठळक भाग असतात; आपल्या भागातल्या सिटानांचा पंखा त्या मानाने लहान आणि फिका असतो. मादी आणि पिल्लू यांना असा पंखा नसतो आणि त्यांचे मातकट अंग पाहून अनुभवी माणूसही जात ठरवायला कचरतो.

इथे टेकडीवाट यांच्या रंगाविषयीच्या सूचनेला एक जोड द्यावीशी वाटते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर सरडा सुपर्बा ही जात राहते आणि त्याच पठारावर पवनचक्क्याही आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आणि हे सरडे मात्र जास्त दाटीने राहतात. तिथल्या सरड्यांत ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण कमी होते, माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते, आणि नरांच्या गळ्याचे रंगही शेजारच्या पवनचक्क्या नसलेल्या भागातल्या नरांइतके गडद नव्हते. एकाच पठारावर, एकाच जातीत, थोड्या अंतराने रंगाची तीव्रता बदलते. म्हणून गळ्याच्या रंगांची मांडणी पाहावी, त्यांचा गडदपणा पाहून जात ठरवू नये.

दुसरा प्राणी सरडाही नाही आणि सापसुरळीही नाही. तो बहुधा ऑफिसॉप्स गटातला आहे. या गटात खालची पापणी वरच्या पापणीला कायमची जुळून पारदर्शक झालेली असते, म्हणून त्याचा डोळा सापाच्या डोळ्यासारखा उघडा राहतो आणि आपण कितीही वेळ थांबलात तरी पापणी मिटणार नाही. त्याच्या पाठीचे खवले कंगोरेदार असतात, त्यामुळे तो सापसुरळीइतका चकाकत नाही. पश्चिम महाराष्ट्रात ऑफिसॉप्स जर्डोनी आणि ऑफिसॉप्स बेडोमी या जातींच्या नोंदी आहेत. त्यांच्यातला फरक डोक्यावरच्या आणि मानेवरच्या खवल्यांवरून ठरतो. त्यासाठी वरून, डोक्याचे अगदी जवळचे आणि स्पष्ट छायाचित्र लागते. प्राणी इतका चपळ आहे, की सकाळच्या कोवळ्या उन्हात तो अजून सुस्त असताना प्रयत्न केला तरच ते मिळेल.

या दोघांच्या जोडीला सरड्याचे खरे पिल्लूही आपल्या माळावर दिसणार आहे आणि गोंधळ तिथेच होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर बाहेर पडणाऱ्या पिल्लांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना फिकट रेषा असतात, त्यामुळे ते ऑफिसॉप्ससारखे वाटते. परंतु पिल्लू पापणी मिटते, त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, मागच्या पायाला पाच बोटे असतात आणि धोका वाटला की ते बहुधा झुडपावर किंवा काडीवर चढते. ऑफिसॉप्स गवताच्या बुंध्यात घुसतो.

बाणेरकर यांचे उत्तर

इतक्या कष्टांची गरज आहे का, असा प्रश्न मला पडला. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्र टाकले की नाव सुचवले जाते आणि पुढे जाणकार ते तपासतात. मुलांना त्यातून पटकन उत्तर मिळते आणि त्यांची गोडी टिकते.

टेकडीवाट यांचे उत्तर

बाणेरकर, तिथे नोंद जरूर करावी, मीही करतो. पण जाणकार तपासणार म्हणजे काय पाहणार, तर कान, बोटे, खवले आणि शेपटीचे मूळ. छायाचित्रात ते नसेल तर यंत्राने सुचवलेले नाव तसेच पडून राहते, आणि मग परदेशातल्या जातीचे नाव बावधनच्या नकाशावर दिसते. एका प्राण्याची चार छायाचित्रे घ्यावीत: डोक्याची एक बाजू, पूर्ण पाठ, मागचा पाय, आणि ज्या जागी तो बसला होता ती जागा. जातीची खात्री नसेल तर नोंद गटाच्या नावावर थांबवावी. अशी नोंदही उपयोगाची असते. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे जतन केलेल्या नमुन्यांवरही जागा आणि तारीख यांची चिठ्ठी असते, आणि वर्षांनंतर नावे बदलली तरी ती चिठ्ठी कामी येते.

दोन प्राणी आपल्या यादीत नाहीत, पण टेकडीवर भेटतील, म्हणून सांगून ठेवतो. झाडीत हळूहळू, डुलत चालणारा, दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा आणि शेपटीने फांदी धरणारा प्राणी म्हणजे घोयरा, शॅमेलिओ झेलॅनिकस. भारतात या कुळातली ही एकच जात आहे आणि तिच्या पायाची बोटे दोन आणि तीन अशा दोन जुडग्यांत असतात, त्यामुळे दुसऱ्या कशाशीही गल्लत होत नाही. आणि पावसाळ्यात पिवळसर ठिपके-पट्ट्यांचे, दुभंगलेली जीभ सतत बाहेर काढणारे मोठे पिल्लू दिसले तर ते घोरपडीचे असेल. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; तिला पकडणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. ती सोसायटीत शिरलीच तर हात न लावता वनविभागाला कळवावे.

बावधनकर यांचा प्रतिसाद

मुलीने वहीत रंगाचा रकाना शेवटी नेला आहे आणि मागच्या पायाची बोटे, पापणी, पाठीचे खवले असे तीन नवे रकाने आखले आहेत. माळावरच्या पहिल्या प्राण्यापुढे तिने ‘सिटाना किंवा सरडा गट, चार बोटे’ एवढेच लिहिले. नर गळा उघडून केव्हा बसतात, हे कोणी सांगेल का?

खडकाळमाळ यांचे उत्तर

मार्चपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत पाहा. ऊन वर आल्यावर नर सपाट माळावरच्या उंच दगडावर, किंवा दगड नसेल तर मातीच्या ढेकळावर चढतो आणि थांबून थांबून गळा उघडतो-मिटतो. दूर बसून राहिलात तर तो पुन्हा पुन्हा त्याच दगडावर येतो. छायाचित्र बाजूने आणि गळा पूर्ण उघडलेला असताना घ्यावे. ते मिळाले की इथे टाका, आपण मिळून पुढचे नाव ठरवू.